जुन्या गोदामातील नवी हीटिंग व्यवस्था : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचे गोदाम ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद आणि सरासरी ९ मीटर उंच आहे. छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या (त्रिकोणी सांगाडे), त्यांवर ॲस्बेस्टॉस सिमेंटचे जुने पत्रे आणि माल चढवण्या-उतरवण्यासाठी चार मोठी रोलिंग शटर अशी त्याची रचना आहे. गरम हवा फेकणारे सहा गॅस हीटर वर्षानुवर्षे कैच्यांना टांगलेले होते. ते काढून आम्ही विकिरण पद्धतीचे नळी-हीटर बसवले, त्याला आता आठ महिने झाले आणि त्यात एक संपूर्ण हिवाळा गेला. अशा इमारतीची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव तपशीलाने लिहीत आहे.

जुन्या व्यवस्थेत नेमके काय बिघडले होते, हे आम्हाला बराच काळ कळलेच नव्हते. हीटर दिवसभर चालत, गॅसचे बिल वाढत जाई आणि तरीही पॅकिंगच्या टेबलांवर काम करणाऱ्यांची बोटे थंडीने आखडत. शेवटी एका रॅकच्या खांबाला जमिनीपासून छतापर्यंत ठरावीक अंतरावर थर्मामीटर बांधले, तेव्हा जमिनीलगत ११ अंश आणि पत्र्यांखाली २३ अंश असे तापमान मिळाले. गरम हवा हलकी असल्याने वर जाऊन साचत होती, तिथून पत्र्यांवाटे बाहेर जात होती आणि माणसे मात्र त्या साठ्याच्या कितीतरी खाली उभी होती. म्हणजे विकत घेतलेल्या उष्णतेचा मोठा भाग आम्ही छत तापवण्यात घालवत होतो.

सुरुवातीला आम्हाला याच प्रकारचे, फक्त अधिक क्षमतेचे हीटर सुचवण्यात आले होते. ते नाकारण्यामागे एक साधा हिशेब होता. गोदामात २१,६०० घनमीटर हवा मावते. ती १० अंशांनी तापवायला सुमारे ७२ युनिट, म्हणजे ७२ किलोवॅट-तास, उष्णता लागते. ४ मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच शटर उघडे असताना सेकंदाला एक मीटर वेगाची झुळूक जरी आत आली, तरी २० मिनिटांत गोदामाच्या आकारमानाएवढी थंड हवा आत येते. दिवसातून अनेकदा शटर उघडणाऱ्या इमारतीत हवा तापवणे म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणेच होय.

नळी-हीटरची कल्पना वेगळी आहे. एका टोकाला असलेल्या बर्नरची ज्योत आणि तिचे गरम वायू इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या पोलादी नळीतून पंख्याने ओढले जातात, नळी तापते आणि तिच्यावरील चकचकीत परावर्तक ही उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने खाली पाठवतो. हे किरण वाटेतील हवा फारशी न तापवता जमीन, टेबले, माल आणि माणसे यांना ऊब देतात. माणसाला जाणवणारे तापमान हे साधारणपणे हवेचे तापमान आणि भोवतालच्या पृष्ठभागांचे विकिरणी तापमान यांची सरासरी असते. त्यामुळे हवा १३ अंश आणि पृष्ठभागांचे विकिरणी तापमान १९ अंश असले, तर १६ अंशांइतकी ऊब वाटते. आमच्या कामाला तेवढी पुरते.

सर्वांत मोठा फायदा मला जमिनीचा वाटतो, आणि खरेदीच्या वेळी त्याकडे माझे फारसे लक्ष नव्हते. आमची १५ सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची लादी एक अंशाने तापवायला सुमारे २१० युनिट उष्णता लागते, तर गोदामातील सगळी हवा एक अंशाने तापवायला सात युनिटांहून थोडी अधिक पुरते. म्हणजे लादीत हवेच्या जवळजवळ तीसपट उष्णता साठते. शटर उघडून हवा निघून गेली तरी हा साठा जागेवर राहतो आणि शटर बंद होताच गारठा लवकर कमी होतो. पूर्वी सकाळची पहिली गाडी येऊन गेली की दुपारपर्यंत कोट उतरत नसत. आता तसे होत नाही.

नवी व्यवस्था पहिल्या दिवसापासून नीट चालली असे मात्र नाही. पहिले तीन आठवडे तक्रारी उलट वाढल्या, कारण बसवणाऱ्यांनी जुनाच थर्मोस्टॅट शटरजवळच्या भिंतीवर ठेवला होता. तो केवळ हवेचे तापमान मोजतो, त्यामुळे माणसांना उकडू लागले तरी बर्नर बंद होत नसत. काळ्या गोलात बसवलेला सेन्सर हवा आणि विकिरण या दोन्हींची दखल घेतो. तो पॅकिंगच्या भागात, माणसाच्या छातीच्या उंचीवर लावल्यानंतर हा प्रश्न सुटला. विकिरण व्यवस्था घेणाऱ्यांनी हा सेन्सर करारातच लिहून घ्यावा.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. बारा मीटर लांबीची पोलादी नळी ३०० अंशांनी तापली की सुमारे ४ सेंटिमीटर लांबते, आणि म्हणूनच ती साखळ्यांवर मोकळी टांगायची असते. आमची एक नळी कैचीला घट्ट आवळलेली होती. महिनाभर तिचा ठोक्यांसारखा आवाज येत राहिला, तो आम्ही मनावर घेतला नाही, आणि नंतर पाहिले तर आधारपट्टी वाकलेली होती. गॅसची जोडणी सुटली असती तर काय झाले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो. तापताना आणि निवताना हलकी टकटक होणे स्वाभाविक आहे, पण मोठे ठोके ऐकू आल्यास हीटर त्याच दिवशी बंद करून तपासून घ्यावा.

ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांबाबत आम्ही आधीपासून सावध होतो. या पत्र्यांना छिद्र पाडले की सूक्ष्म तंतू हवेत मिसळतात आणि ते फुप्फुसांना घातक असतात, म्हणून धुराच्या नळ्या छतातून न नेता बाजूच्या भिंतीतून बाहेर काढल्या. खर्च वाढला, पण त्यात तडजोड करू नये. धूर बाहेर न नेणारे स्वस्त हीटरही आम्ही याच सुमारास नाकारले. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, ती थंड पत्र्यांवर पाणी होऊन खाली ठिबकते आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांची वाट लावते.

खोक्यांवरून आणखी एक गोष्ट. बर्नरजवळ नळीचे तापमान ४०० ते ५०० अंशांपर्यंत जाते. म्हणून नळ्यांखालच्या रॅकवर माल रचण्याची कमाल उंची आम्ही लाल पट्ट्याने आखली आहे आणि आग लागल्यास पाणी फवारणारे जवळचे स्प्रिंकलर अधिक तापमानाला फुटणारे बसवून घेतले आहेत.

बचतीचा हिशेब सरळ बिलांवरून करता येत नाही, कारण दोन हिवाळे सारखे नसतात. दररोजचे सरासरी तापमान १५.५ अंशांपेक्षा जितके खाली, त्याची मोसमभराची बेरीज आम्ही काढली आणि गॅसच्या वापराला तिने भागले. त्या मापाने वापर सुमारे ३० टक्क्यांनी घटला. मात्र याचे सगळे श्रेय हीटरना देणे योग्य नाही. आधीच्या हिवाळ्याच्या अखेरीस शटरच्या कडांना रबरी पट्ट्या लावल्या होत्या आणि दोन शटरना वेगाने मिटणारे पडदे बसवले होते. त्यानंतर जुने हीटर तीन आठवडे चालले, आणि त्या नोंदींवरून पाहता घटीचा साधारण तिसरा हिस्सा या कामाचा आहे. पैसे मर्यादित असतील तर शटरचे काम आधी करावे, असे माझे ठाम मत आहे.

उणीव राहिली आहे ती उंच रॅकमधल्या अरुंद वाटांची. किरण सरळ रेषेत जात असल्याने रॅकच्या सावलीत ते पोहोचत नाहीत आणि तिथे मोजणीचे काम करणाऱ्यांना अजूनही थंडी वाजते. शिवाय परावर्तकांवर धूळ बसून ते मंद होऊ लागले आहेत, त्यामुळे वर्षातून एकदा उंच शिडी लावून सफाई करावी लागेल. रॅकच्या वाटांवर छताजवळची उबदार हवा खाली ढकलणारे संथ गतीचे दोन पंखे पुढच्या थंडीआधी बसवायचे ठरले आहे. त्यांचा परिणाम त्याच जुन्या थर्मामीटरने मोजला जाईल.