संगणक टायपिंगचा कोर्स : पतसंस्थेच्या टेबलावर बसल्यानंतरचा अनुभव

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजजवळच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये मी सरकारी टायपिंगचे दोन कोर्स केले. आधी इंग्रजी ३०, मग मराठी ३० (म्हणजे मिनिटाला ३० शब्दांचा वेग). महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ज्याची परीक्षा घेते तोच हा जीसीसी-टीबीसी, म्हणजे संगणक टायपिंगचा सरकारी प्रमाणपत्र कोर्स, प्रत्येकी सहा महिन्यांचा. पुढे तालुक्याच्याच एका पतसंस्थेत क्लार्क म्हणून लागले आणि आता बरेच महिने दिवसभर कीबोर्डवरच असते. कोर्स संपल्या संपल्या लिहिलेले अभिप्राय ढिगाने सापडतात, ‘सर खूप छान समजावून सांगतात’ वगैरे. नोकरीला लागल्यावर त्यातलं काय कामी आलं, हे फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून हे जरा लांबलचक.

थोडक्यात हवं असेल तर एवढंच: बोटं चांगली तयार होतात. कागद कसा तयार करायचा हे मात्र नोकरीत गेल्यावर आपलं आपल्यालाच शिकावं लागतं.

आधी बोटांचं. सुरुवातीला रोज तासभर तेच ते: ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. बोटं एफ आणि जेच्या उंचवट्यांवर ठेवायची, खाली बघायचं नाही. कंटाळा इतका येतो की निम्मी बॅच इथेच गळते. करंगळी ऐकत नाही. ए, क्यू, पी आणि शिफ्ट तिच्याच वाट्याला, आणि तिच्यात जोर नाही. आमच्याकडच्या कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसून गेली होती आणि नवीन मुलं त्यावरून कुरकुरायची. मला विचाराल तर नवे कीबोर्ड असते तर आम्ही खाली बघतच राहिलो असतो.

वेगाचं लोक उगाच कौतुक करतात. पाच टिचक्यांचा एक शब्द धरतात, म्हणजे ३० शब्द म्हणजे मिनिटाला १५० टिचक्या. दोन बोटांनी टाइप करणारा सरावलेला माणूससुद्धा तिथवर पोचतो. आमच्या ऑफिसातले ज्येष्ठ क्लार्क तसेच आहेत आणि साध्या पत्राला माझ्यापेक्षा फार मागे नसतात. फरक पडतो तो समोर हाताने लिहिलेला कागद असला की. मासिक सभेचं इतिवृत्त सचिव वहीत लिहून देतात. खाडाखोड, समासात वाढवलेलं वाक्य, बाण काढून वर नेलेला परिच्छेद. शिवाय प्रत्येक ठराव ‘असे सर्वानुमते ठरले की’ असाच सुरू होतो आणि सूचक-अनुमोदकांच्या नावांवर संपतो. नजर कीबोर्डवर गेली आणि परत वहीवर आली की ती सातव्या ठरावाऐवजी आठव्यावर पडते, आणि मधला ठराव गळतो. वाचताना कळतही नाही, कारण मागचं-पुढचं वाक्य बरोबर जुळतं. इतिवृत्तात ठराव नाही म्हणजे कागदोपत्री तो झालाच नाही. न बघता टाइप करणाऱ्याची नजर वहीवरून हलतच नाही. या एका गोष्टीसाठी माझी कोर्सची फी वसूल झाली.

मराठीचं प्रकरण वेगळं. आमच्या क्लासला रेमिंग्टन शिकवत, म्हणजे जुन्या मराठी टाइपरायटरची मांडणी. तिथे हाताने लिहितो तसं टाइप करायचं असतं. ‘कि’ काढायला आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क. ख, ण, श ही अक्षरं आधी अर्धी काढायची आणि काना देऊन पूर्ण करायची. रफार अक्षरानंतर. हात बसला की खरंच मजा येते, वेगही मिळतो. पण पतसंस्थेत पहिल्या दिवशी संगणक उघडला तर तिथे विंडोजचा नेहमीचा मराठी कीबोर्ड, म्हणजे इनस्क्रिप्ट. सगळं उलटंपालटं. आमच्याकडे दिवसातून शंभरदा येणारा शब्द ‘कर्ज’. रेमिंग्टनला क, ज आणि शेवटी रफार. इनस्क्रिप्टला उच्चाराच्या क्रमाने क, र, हलन्त (पाय मोडायची खूण), ज. कीच्या भाषेत के, जे, डी, पी. पहिले काही आठवडे माझ्याकडून ‘कज’ लिहून व्हायचं आणि रफार शोधत बोट हवेत थांबायचं.

इनस्क्रिप्ट शिकायला सोपा आहे हे मान्य करायला हवं. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. क आणि ख एकाच कीवर, ग-घ एका, त-थ एका, फक्त शिफ्टचा फरक. महिना-दीड महिन्यात हात वळला. पण हे बोटांना दुसऱ्यांदा शिकवणं टाळता आलं असतं. क्लासमध्ये कोणी नुसतं सांगितलं असतं की दोन मांडण्या आहेत आणि बाहेर दुसरीच भेटू शकते, तरी पुरे होतं. एक बारकी गोष्ट इथेच सांगते, कारण अनेक ऑफिसांच्या पत्रांत चुकीची दिसते: ‘कर्मचाऱ्यांना’ मधला ऱ्य. साधा र, हलन्त, य दिलं की ‘या’च्या डोक्यावर रफार चढतो. इनस्क्रिप्टला शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश दिलं की नीट येतो.

जुन्या फाँटांचा घोळ अजून संपलेला नाही. आमच्याकडे आधीच्या वर्षांच्या सगळ्या नोटिसा बिगर-युनिकोड फाँटांत पडून आहेत. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, या फाँटांत इंग्रजी अक्षरांवरच मराठी आकार चढवलेले असतात. ज्या संगणकावर तो फाँट नाही तिथे सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कृतिदेव या अशाच जुन्या फाँटमध्ये लिहिलेलं ‘कर्ज’ अशा ठिकाणी ‘डीटीझेड’ म्हणून उघडतं. ई-मेलने पाठवलेला वार्षिक अहवाल लेखापरीक्षकांकडे असा पोचला तर पुढचा फोन कोणाला येतो ते सांगायला नको. टायपिंग शिकवणाऱ्याने युनिकोड म्हणजे काय यावर एक तास तरी द्यायलाच हवा. आम्हाला मिळाला नाही.

आता माझी मुख्य तक्रार. परीक्षेत वेगाच्या उताऱ्याबरोबर पत्र, ई-मेल आणि स्टेटमेंट असतं. कागदावर हे फार छान वाटतं: जावक क्रमांक, विषय, संदर्भ, मायना, आपला विश्वासू, प्रत माहितीसाठी. प्रत्यक्षात शिकवतात ते घोकून. नमुन्यासारखं दिसलं की झालं, ते कसं उभं केलं याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. आमच्या सरांची सगळी हयात टाइपरायटरवर गेलेली, त्यामुळे शिकवणंही त्याच वळणाचं. दिनांक उजवीकडे न्यायचा तर स्पेसबार दाबत राहा. पुढच्या पानावर जायचं तर एंटर मारत राहा. गोदरेजच्या मशीनवर हे बरोबरच होतं, तिथे प्रत्येक अक्षर सारख्याच जागेचं. वर्डमध्ये हाच कागद दोन दिवसांत अंगावर येतो.

पतसंस्थेत मला वारसाहक्काने मिळालेली नोटिशीची फाइल अशीच होती. मॅनेजर साहेब म्हणाले, ‘फाँट जरा मोठा करा, म्हाताऱ्या सभासदांना वाचता येत नाही.’ फाँट मोठा केला आणि दिनांक खालच्या ओळीत उतरला, रकमांची रांग वाकडी झाली, अध्यक्षांची सही एकटीच दुसऱ्या पानावर गेली. वर्डमधल्या लपलेल्या खुणा दाखवणारं कंट्रोल-शिफ्ट-८ दाबलं तेव्हा खरं चित्र दिसलं: दिनांकाच्या आधी स्पेसच्या ठिपक्यांची ही लांब माळ आणि खाली रिकाम्या एंटरच्या खुणांची उतरंड. सगळं काढून दिनांकाला उजवा टॅब (मजकूर उजव्या बाजूला टेकवणारा) लावला, रकमांना तक्ता केला, नव्या पानासाठी कंट्रोल-एंटर दिलं. तेव्हापासून फाँट कितीही बदला, कागद जागचा हलत नाही. कोणाचीही फाइल हातात आली की मी आधी ती खूण चालू करून बघते. ठिपके दिसले की समजायचं, हा आपल्याच क्लासचा.

मेल मर्ज, म्हणजे एकाच मजकुरात यादीतली नावं-रकमा आपोआप भरून प्रत्येकाचं वेगळं पत्र काढणं, तर आमच्या बॅचला शब्दानेही सांगितला नव्हता, आणि माझं निम्मं काम त्यावरच चालतं. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, तिची नोटीस सभासदांना नावानिशी जाते. शिवाय थकबाकीदार आणि त्यांच्या जामीनदारांना नोटिसा, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याला जाण्याआधी त्या रीतसर गेलेल्या बऱ्या. आधी हे काम नाव बदल, छाप, नाव बदल, छाप असं दोन-दोन दिवस चालायचं. आता यादी एक्सेलमध्ये, मजकूर वर्डमध्ये, जेवणाच्या सुट्टीआधी गठ्ठा तयार. त्यातही खाचा आहेत. एक्सेलमध्ये १,२५,००० दिसणारी रक्कम पत्रात १२५००० अशी उतरते. तारीख महिना आधी घेऊन येते, म्हणजे ५ मार्चचं ३/५ होतं आणि वाचणारा ३ मे समजतो. नोटिशीत मुदतीची तारीखच अशी छापली गेली तर वकील मंडळींची चंगळ. वर्डच्या पत्रातला तो रकाना निवडून शिफ्ट-एफ९ दाबायचं आणि तारखेचा साचा हाताने लिहायचा, हा त्यावरचा उपाय. हे मी व्हिडिओ बघून शिकले.

बाकी किरकोळ. रुपयाचं चिन्ह भारतीय इंग्रजी कीबोर्डवर कंट्रोल-ऑल्ट-४ ने येतं. तरी लोक अजून ‘रु.’ वर भागवतात, त्यात वावगं काही नाही. लाख-कोटींचे स्वल्पविराम हवे असतील तर संगणकाची प्रादेशिक सेटिंग भारताची ठेवायची.

कोर्स करावा का? करावा, विशेषतः कॉलेजात असताना, कारण रोजचा तो तास नोकरी लागल्यावर सापडत नाही. फक्त इन्स्टिट्यूट निवडताना फी आणि निकालाची टक्केवारी विचारून थांबू नका. मराठीला कोणती मांडणी शिकवता, मेल मर्ज आणि टॅब शिकवता का, हे विचारा. उत्तर देताना सर गडबडले तर बोटांसाठी तिथे जा आणि बाकीचं घरी शिकण्याची तयारी ठेवा.

आणि स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी एक: लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० लागतं. नुसतं इंग्रजी ३० करून अर्ज भरता येत नाही. आमच्या बॅचच्या कितीतरी मुलींनी ‘इंग्रजी सोपं जातं’ म्हणून फक्त ३० केलं आणि जाहिरात आल्यावर परत प्रवेश घेतला. एकच कोर्स करण्याइतके पैसे असतील तर थेट मराठी घ्या.