हार्ड डिस्क वॉरंटीत बदलताना: विक्रेत्यामार्फत की थेट कंपनीकडे?

हार्ड डिस्क गेली आहे, वॉरंटी शिल्लक आहे आणि बॅकअप हाताशी आहे, असं धरून पुढचं लिहितो. बॅकअप नसेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी रिकव्हरीचं बघा. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा मिळत नाही. गेलेली डिस्क दुरुस्त होऊन परत येत नाही, तिच्याऐवजी दुसरीच येते.

माझ्या आजवर तीन डिस्क वॉरंटीत बदलून झाल्या. पहिली विक्रेत्यामार्फत, दुसरी थेट कंपनीकडे पाठवून आणि तिसरीही थेटच, पण ‘आधी बदली डिस्क पाठवा, मग मी जुनी पाठवतो’ या पद्धतीने. तीन डिस्कांवरून नियम काढू नये हे मलाही कळतं. तुमचा विक्रेता माझ्यापेक्षा चांगला असू शकतो.

विक्रेत्याची बाजू आधी मांडतो, कारण ती वाटते तितकी लंगडी नाही. खरेदीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत डिस्क दगावली तर सरळ विक्रेत्याकडेच जावं. तो फळीवरची दुसरी सीलबंद डिस्क काढून देतो आणि विषय मिटतो. याच वेळी कंपनीकडे गेलात तर बहुधा दुरुस्त केलेली डिस्क पदरात पडेल. शिवाय पॅकिंग नाही, कुरिअर नाही, इंग्रजी फॉर्म नाही. आणखी एक गोष्ट अशी की काही डिस्क दुसऱ्याच प्रदेशासाठी बनलेल्या असतात आणि फिरत फिरत तुमच्याकडे येतात. त्यांचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की ‘तुमच्या प्रदेशात वॉरंटी नाही’ असं उत्तर येतं. मग विक्रेत्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून डिस्क घेतल्या दिवशीच तो नंबर साइटवर टाकून बघावा, परत करायची मुदत उलटायच्या आत.

आता माझी पहिली डिस्क. नॅसमधली होती, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या, अनेक डिस्क बसणाऱ्या डब्यातली. वॉरंटी तीन वर्षांची. दहाव्या महिन्यात वाचता न येणारे सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे छोटे कप्पे, दिसायला लागले. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातला) 197 क्रमांकाचा आकडा, म्हणजे प्रलंबित (वाचता न आल्याने संशयित ठरलेले) सेक्टर, आधी 8, मग 24, मग 40. मी डिस्क घेऊन विक्रेत्याकडे गेलो. काउंटरवरच्या मुलाने ती जोडली, स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत ‘पास’ उमटलं आणि त्याने ती माझ्याकडे परत सरकवली. “ठीक आहे की हो ही.”

हा ‘पास’ फसवा असतो. स्मार्टचा एकूण निकाल कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडल्यावरच बदलतो, आणि ती मर्यादा भलतीच उदार असते. गूगलने 2007 साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी 56 टक्क्यांहून जास्त डिस्कांनी स्मार्टमधल्या चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. उलट ज्या डिस्कवर पहिली स्कॅन एरर (डिस्क स्वतःची तपासणी करताना सापडलेली चूक) दिसली, ती पुढच्या 60 दिवसांत जाण्याची शक्यता इतरांच्या 39 पट निघाली. अर्थात काउंटरवर उभं राहून हे ऐकवण्यात काही अर्थ नसतो. मी दीर्घ चाचणी (डिस्क पूर्ण वाचून बघणारी) लावायला सांगितली, ती दहा टक्क्यांवरच आपटली, तेव्हा डिस्क ठेवून घेतली गेली.

पुढे नेहमीचंच. “पाठवली आहे.” “दोन दिवसांत कळवतो.” “आज येणार होती, आली की फोन करतो.” सहा आठवडे गेले. या काळात डिस्क नेमकी कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं आणि बहुधा त्यांनाही नव्हतं. हे मी सोडून दिलं असतं. वाट बघायची आपल्याला सवय असते.

माझं मत फिरलं ते नंतर. बदलून आलेली डिस्क सव्वा वर्षाने गेली. तीही खट्खट करत गेली, म्हणजे शंकेला जागा नव्हती. बिल घेऊन पुन्हा तोच काउंटर. त्या मुलाने बिल बघितलं, डिस्कवरचं लेबल बघितलं, दोन्ही शेजारी ठेवून अंगठ्याने अंक जुळवले आणि म्हणाला, “ही आमची नाही. बिलावर वेगळा नंबर आहे.”

नंबर वेगळा असणारच, डिस्कच बदलून दिली होती त्यांनी! पण त्या बदलीचा कागद माझ्याकडे नव्हता. जुनी देताना हाताने लिहिलेली एक चिठ्ठी मिळाली होती, तीही नवी डिस्क घेताना परत घेतली गेली. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नोंद नाही, तेव्हाचा माणूस नोकरी सोडून गेलेला. कुणी लबाडी केली असं मी म्हणणार नाही. पण माझ्या हातात वॉरंटीतली डिस्क होती आणि ती माझीच आहे हे सिद्ध करायला काहीही नव्हतं.

घरी येऊन नंबर कंपनीच्या साइटवर टाकला. वॉरंटी लागू, अकरा महिने शिल्लक. बिलाचा प्रश्नसुद्धा आला नाही.

इथे माझा तराजू झुकला. कंपनीच्या लेखी तुम्ही कोण, कुठून घेतली, कितीला घेतली, हे बहुतेक वेळा गौण असतं. तिथे सीरियल नंबर हीच ओळख. जुना नंबर खात्यातून निघतो, नवा चढतो, आणि दोघांना जोडणारा आरएमए नंबर, म्हणजे बदलीच्या अर्जाचा नंबर, तुमच्या मेलमध्ये राहतो. बदललेली डिस्क पुन्हा गेली तरी साखळी तुटत नाही. आणि पुन्हा जाण्याची वेळ येते, कारण बदलून मिळणारी डिस्क बहुधा नवी नसते. लेबलवर तसं स्पष्ट छापलेलं असतं. चालू तासांचा आकडा शून्य दिसतो, पण तो शून्य केलेला असतो. वॉरंटीही नव्याने सुरू होत नाही, जुन्या डिस्कची उरलेलीच पुढे चालते. ती अगदीच थोडी असेल तर साधारण तीन महिन्यांची किमान मुदत मिळते.

त्यामुळे मूळ वॉरंटी किती वर्षांची हे महत्त्वाचं ठरतं, आणि ती वर्षं कायमची दगडावर कोरलेली नसतात. थायलंडमध्ये 2011 साली पूर आला, डिस्कांचा तुटवडा झाला आणि त्याच वर्षअखेरीस सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल या दोघांनीही काही मॉडेलांची वॉरंटी घटवली. वेष्टणावरचं न वाचता ‘या कंपनीची तीन वर्षं असते’ असं धरून चालू नये.

थेट पाठवण्यातही जाच आहे. पॅकिंगच्या अटी कडक असतात. डिस्क अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत, सगळ्या बाजूंनी साधारण पाच सेंटिमीटर फोम, खोका मजबूत. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पाठवलेली डिस्क ‘वाहतुकीत खराब’ म्हणून नाकारली जाऊ शकते. मी एका जुन्या उशीचा फोम कापला, कुरिअरचा खर्च सोसला आणि दोन आठवडे नॅस एक डिस्क कमी असताना लंगडत चालवला. त्या दोन आठवड्यांत दुसरी डिस्क गेली असती तर काय, हा विचार रात्री झोपताना यायचाच. आणखी एक बोच होती. खट्खट करणारी डिस्क पुसता येत नाही. तिच्यावर जे काही होतं ते तसंच्या तसं खोक्यात बंद होऊन गेलं. तेव्हापासून प्रत्येक नवी डिस्क पहिल्या दिवशीच एन्क्रिप्ट करतो, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करतो.

तिसऱ्या वेळी आधी बदली, मग जुनी हा पर्याय घेतला. तो सगळीकडे आणि सगळ्या मॉडेलांना मिळत नाही, आणि त्यासाठी क्रेडिट कार्ड द्यावं लागतं. ठरलेल्या मुदतीत, बहुधा 30 दिवसांत, जुनी डिस्क पोचली नाही तर कार्डावरून पैसे कापले जातात. एवढ्यावरूनच पुष्कळ जण हा पर्याय सोडतात आणि मी त्यांना वेडं म्हणणार नाही.

पण त्याने माझे दोन्ही प्रश्न सुटले: एक डिस्क कमी असतानाची वाट बघणं आणि जुनी न पुसता पाठवणं. जुनी डिस्क अजून रडतखडत चालत होती. नवी आली, दोन्ही शेजारी जोडल्या, डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून डेटा उतरवणारा प्रोग्राम) लावून रात्रभर एकीवरून दुसरीवर ओतलं. सकाळी बघतो तर थोडे सेक्टर सोडता सगळं आलं होतं. मग जुनीवर शून्यं लिहिली, जिथवर लिहून घेतली तिथवर. आणि पॅकिंगचं तर बघायलाच नको. बदली डिस्क ज्या खोक्यात, दोन टोकांना प्लॅस्टिकच्या ज्या टोप्या लावून आली होती, त्यातच जुनी बसवून परत धाडली. उशी वाचली.

काही गोष्टींवरून निवड करू नका, कारण दोन्ही वाटांनी त्या सारख्याच आहेत. आलेली डिस्क थेट नॅसमध्ये घालायची नाही. आधी ती पूर्ण लिहून काढायची, मग दीर्घ चाचणी. मोठ्या डिस्कला यात दोन-तीन दिवस सहज जातात. मॉडेल नंबरही तपासायचा, कारण त्याच क्षमतेची पण वेगळ्या मॉडेलची डिस्क येऊ शकते. नॅससाठी ती एसएमआर आहे की सीएमआर हे बघावं लागतं. एसएमआरमध्ये डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहितात, त्यामुळे पुन्हा लिहिणं संथ होतं; सीएमआरमध्ये त्या सुट्या असतात. 2020 मध्ये नॅससाठीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या म्हणून जो गदारोळ झाला, तो आठवत असेल. ‘दुसऱ्या बनावटीची डिस्क थोडी लहान निघाली तर रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र चालवायच्या मांडणीत) बसणार नाही’ ही भीती मात्र आता जुनी झाली. कंपन्या सेक्टरांची संख्या ठरलेल्या सूत्राने ठेवतात. एक टेराबाइट म्हणजे 1,95,35,25,168 सेक्टर, लेबल कुणाचंही असो.

लॅपटॉपसोबत किंवा तयार कॉम्प्युटरमध्ये आलेल्या डिस्कचा यात समावेश नाही. तिची वॉरंटी ज्याने कॉम्प्युटर बनवला त्याच्याकडे असते आणि डिस्कची कंपनी तुम्हाला तिकडेच टोलवते. बाहेरून लावायची डिस्क असेल तर तिचं कवच उघडण्याआधी दहादा विचार करा. वॉरंटी तर धोक्यात येतेच, पण काही मॉडेलांत एन्क्रिप्शन कवचातल्या यूएसबीच्या सर्किट-पट्टीवर होतं, त्यामुळे आतली डिस्क वेगळी काढून जोडली तर काहीच वाचता येत नाही.

विक्रेत्याकडेच जायचं ठरवलंत, किंवा जावं लागलं, तर बदली डिस्क हातात घेताना तिचा नवा नंबर जुन्या बिलावर लिहून सही-शिक्का मागा. तोंड वाकडं होईल, पण देतात. मी तेव्हा मागितला नव्हता.

सध्या नॅसच्या तिसऱ्या खणातली डिस्क 197 वर 16 दाखवते आहे. वॉरंटीचे चार महिने उरलेत. कंपनीच्या साइटवर फॉर्म अर्धा भरून ठेवला आहे, रविवारची दीर्घ चाचणी आपटली की कार्डाचा नंबर टाकायचा.