वीस डॉलरला पाच जिग: सहा महिन्यांनी, वसंतातल्या माकुलांसमोर

साडेतीन नंबरच्या या पाच जिगांच्या (जिग म्हणजे माकूल पकडायचं, कोळंबीच्या आकाराचं, शेपटीला आकडे असलेलं नकली आमिष) पाकिटाला मे महिन्यात पाचपैकी चार तारे मिळाले असते. आता सप्टेंबर संपत आलाय आणि अडीच मिळतायत. त्यातले दोन तारेही पुढे लिहिलेली डागडुजी स्वतः केली तरच.

मार्च ते जुलै तक्रारीला जागाच नव्हती. मेलबर्नच्या आसपासच्या धक्क्यांवर तेव्हा तीनशे-चारशे ग्रॅमचं माकूल असतं, हावरट असतं आणि पाण्यात पडेल त्यावर झडप घालतं. अशा माकुलाला चमच्यावर रंगीत फडकं गुंडाळून दिलं तरी चालतं, त्यामुळे त्या काळातले फाइव्ह स्टार शेरे मनावर घेऊ नका. खरी परीक्षा १ सप्टेंबरनंतर. इकडचा वसंत लागला की दीड-दोन किलोची मोठी सदर्न कॅलमारी (इकडची माकुलांची जात) अंडी घालायला उथळ समुद्री गवतात येतात. मेलबर्नजवळच्या फ्लिंडर्सच्या धक्क्यावर पहाटे जागा मिळत नाही ती यांच्यामुळेच.

फ्लिंडर्सला पाणी फार खोल नाही आणि खाली गवत उभं असतं. समजा पाणी चार मीटर आणि गवत एक मीटर. जिग अडीच मीटरपर्यंत बुडू द्यायचा आणि गवताच्या शेंड्यावरच दोन झटके देऊन उचलायचा. पाकिटावर ‘एक मीटरला ३.५ सेकंद’ असं छापलंय, म्हणजे नऊपर्यंत मोजून झटका मारायचा. आणि नऊ मोजेपर्यंत हा जिग थेट गवतात! आकड्यांवर हिरवी शेपटी घेऊन वर येतो. गवत अडकलेल्या जिगाकडे माकूल ढुंकूनही बघत नाही, आणि गवताला अंड्यांचे पांढरे घोस चिकटलेले असतात, ते उपटून निघतात ते वेगळंच.

म्हणून पाचही जिगांचा बुडण्याचा वेग मोजला. मोजायला काही लागत नाही. जिगापासून बरोबर तीन मीटरवर तंगुसाला मार्करने खूण करायची, भरती थांबलेली असताना जिग धक्क्याच्या कडेने पाण्यावर टेकवायचा, तंगूस पूर्ण सैल सोडायचा आणि खूण पाण्याला लागेपर्यंत घड्याळ लावायचं. प्रत्येक जिग तीनदा. छापल्याप्रमाणे साडेदहा सेकंद लागायला हवेत. एकाला लागले १०.४. बाकीच्यांना ८.४, ८.१, ७.२ आणि ७.०. पाचात एक बरोबर.

घरी बादलीत मोजू नका. नळाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी हलकं असतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वीस ग्रॅमच्या जिगाचं पाण्यातलं वजन दोन-तीन ग्रॅमच भरतं, बाकीचं पाणीच उचलून धरतं. त्यामुळे गोड्या पाण्यात चांगला जिगसुद्धा दगडासारखा जातो आणि आपण उगाच दुकानदाराला शिव्या घालतो.

इथे मात्र शिव्या रास्त आहेत, आणि त्याचं कारणही तेच. सोन्याच्या काट्यावर हे पाच जिग १९.९ पासून २२.७ ग्रॅमपर्यंत भरले. लांबी सगळ्यांची सारखी, साडेदहा सेंटिमीटर (नंबर म्हणजे जपानी ‘सुन’, एक सुन तीन सेंटिमीटरच्या किंचित वर). आकार तोच आणि वजन पावणेतीन ग्रॅम जास्त, म्हणजे पाण्यातलं वजन दुप्पट. नाकाखालचं शिसं साच्यात ओतताना कोणी बघितलेलंच नाही. महागड्या जपानी जिगाचे एकाला वीस डॉलर जातात ते या तपासणीचे, कापडाचे आणि डोळ्यांच्या चमकीचे नव्हेत.

विक्रेत्याला हे सगळं लिहून पाठवलं तर उत्तर आलं, ‘कृपया दोषाचा फोटो जोडा.’ बुडण्याच्या वेगाचा फोटो कसा काढतात ते त्यांनी कळवावं. पुढच्या मेलमध्ये चार डॉलर परत द्यायला तयार झाले, पण जिग परत पाठवण्याचं टपाल आपल्याकडे. टपाल नऊ डॉलर.

तर डागडुजी. शिसं कानशीने घासू नका, भुकटी उडते आणि ती अंगाला बरी नव्हे. ३ मिलिमीटरच्या ड्रिलने शिशाला आरपार भोक पाडा. इथलं शिसं ४ मिलिमीटर जाड आहे, त्यामुळे एका भोकाला साधारण ०.३ ग्रॅम जातं, तीन भोकांत एक ग्रॅम. हातमोजे, खाली वर्तमानपत्र, स्वयंपाकाच्या ओट्यापासून लांब, नंतर हात साबणाने. भोकं शिशाच्या मागच्या अर्ध्यात पाडा. पुढून काढलंत तर नाक हलकं होतं आणि जिग शेपटीवर बुडायला लागतो. असा जिग माकूल दोन हातांवरून न्याहाळतं आणि निघून जातं. दर भोकानंतर पुन्हा मोजा. ८.४ वाला तीन भोकांत दहावर आला, ८.१ वाल्याला चार लागली. सात सेकंदवाल्या दोघांना आठ-नऊ भोकं पाडली तर शिशाची चाळणी होईल, त्यांना हात लावला नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? माकूल झटक्यावर येतं आणि पकडतं मात्र जिग खाली बुडताना. दोन झटक्यांनी जिग दीडेक मीटर वर येतो, मग तंगूस हलका ताणून पाच सेकंद थांबायचं. चांगला जिग त्या वेळात सव्वा ते दीड मीटर तरंगत उतरतो, हा दोन मीटर खाली जाऊन आपटतो. थंड पाण्यातल्या मोठ्या माकुलाला विचार करायला ते पाच सेकंद लागतात. तंगूस अचानक सैल पडला किंवा नको तिकडे सरकला की झटका मारायचा. हाताला ओढ लागायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो.

दुसरा दोष आकड्यांचा, त्यावर फार शाई घालवत नाही. शेपटीच्या दोन चक्रांची तार मऊ आहे. चारशे ग्रॅमच्या माकुलाला कळत नाही, पण दीड किलोचं माकूल रॉडने धक्क्यावर उचललं की आकडे उमलतात. पक्कडीने एकदा सरळ करता येतात, दुसऱ्यांदा करू नका, तार थकते. माकुलाच्या आकड्याला काटा नसतो हे लक्षात ठेवून तंगूस शेवटपर्यंत ताणलेला ठेवा आणि मोठं माकूल हातजाळ्यातच घ्या. रीलचा ड्रॅग (ओढ वाढली की तंगूस सुटू देणारा ब्रेक) ताणकाट्यावर ६०० ग्रॅमला सुटेल इतका सैल ठेवलात तर आकडे वाचतात आणि माकुलाचा हातही फाटत नाही. जाळ्यात आल्यावर ते पाण्याखालीच दोन क्षण धरा, शाई तिथेच सोडू दे. नाहीतर शेजाऱ्याचा शर्ट आणि धक्क्याच्या फळ्या, दोन्ही धुवायची जबाबदारी आपली.

रंगांबद्दल पाकिटावर पुष्कळ कवित्व आहे. माकुलाला रंग ओळखता येत नाहीत, उजेड-अंधाराचा फरक कळतो. निवळ पाण्यात दिवसा फिकट, पहाटे-संध्याकाळी कापडाखाली लाल पत्रा लावलेला गडद, एवढं पुरतं. या पाचांतला जांभळा सगळ्यात कुरूप आहे आणि झुंजूमुंजूला सगळ्यात जास्त चालला, कदाचित १०.४ सेकंदवाला तोच आहे म्हणून. कापडाला मात्र शाबासकी. चोचीने मानेपाशी फाटलं तिथे सुपरग्लूचा एक थेंब टाकला की पुढचे दोन महिने बघायला नको. घरी आल्यावर गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवा. ओलेच डब्यात बंद केलेत तर आठवड्यात आकड्यांना तांबूस डाग येतात, पाकिटावर ‘स्टेनलेस’ लिहिलेलं असलं तरी.

वारा बघून निघा. पश्चिमेचा असेल तर फ्लिंडर्स आडोशाला येतं आणि पाणी निवळ राहतं, पूर्वेचा असेल तर गढूळ पाण्यात वीस डॉलरचा जिगही आंधळा. लायसन्स खिशात ठेवा. मर्यादा माणशी दहा माकुलांची आहे, कटलफिश धरून. वसंतात मात्र तीन मोठी मिळाली की चार जणांच्या घराला सुकं आणि तळायच्या चकत्या, दोन्ही होतात.

हे सगळं लिहून दोनच तारे द्यायचे ठरले होते. उरलेला अर्धा तारा त्या सात सेकंदवाल्या दोन नगांनी मिळवला. ओहोटीची ओढ सुरू झाली की फ्लिंडर्सच्या टोकाला चांगले, हलके जिग तंगुसासकट धक्क्याखाली वाहत येतात आणि लोक आवराआवर करतात. त्या वेळी हे दोन जड बांडे प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकले तर वाहत धक्क्याखाली यायच्या आत गवताच्या शेंड्यापर्यंत पोचतात. नऊऐवजी सहा मोजायचे. दोघांवर मार्करने ‘ओ’ लिहून डब्याच्या वेगळ्या खणात ठेवलेत.