उदगीरपासून पानिपतापर्यंत, पण भूक राहून गेली

मी उदगीरला इतिहास शिकवते. दरवर्षी आठवीच्या मुलांना किल्ल्यावर नेते. त्यामुळं आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ ६ डिसेंबर २०१९ ला आला, तेव्हा पहिल्याच रविवारी वडिलांना घेऊन लातूर गाठलं. सिनेमा सुरूच होतो मराठ्यांनी निजामावर मिळवलेल्या आमच्या उदगीरच्या विजयापासून. पडद्यावर गावाचं नाव ऐकलं आणि वडील खुर्चीत ताठ बसले.

सगळ्यात आधी शनिवारवाडा. नितीन चंद्रकांत देसाईंनी कर्जतला उभा केलेला. खरा वाडा १८२८ च्या आगीत गेला. पुण्यात आता तट, दिल्ली दरवाजा आणि जोती उरलीत. सहलीत मुलं विचारतात, “बाई, पेशवे राहायचे कुठं?” मी मोकळ्या जागेकडं बोट दाखवते. इथं तोच वाडा नांदता दिसतो, नुसत्या त्यासाठीही तिकिटाचे पैसे वसूल झाले. अजय-अतुलचं ‘मर्द मराठा’ लागलं तेव्हा थेटरात पोरं उभी राहिली होती. नवाब शाहनी केलेला, मराठ्यांच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान गारदी मला सगळ्यांत जास्त आवडला, कारण तो कमी बोलतो. क्रिती सॅननची पार्वतीबाई, म्हणजे भाऊंची बायको, तीही मनापासून केलेली आहे. मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ झालेले अर्जुन कपूर मेहनत घेतात, पण भाऊंचा हिशेबी, कारभारी स्वभाव त्यांच्यात सापडत नाही. कारभार बघणारा माणूस रणात का गेला, हाच तर भाऊंच्या गोष्टीचा जीव आहे.

माझी खरी तक्रार मात्र वेळेची आहे. पावणेतीन तासांच्या वर सिनेमा, त्यातला केवढा तरी भाग भाऊ-पार्वतीच्या प्रेमाला आणि वाड्यातल्या रुसव्याफुगव्यांना दिलाय. आणि पानिपतावरचे ते अडीच महिने? भराभर उरकलेत. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंनी पानिपताच्या उत्तरेचा कुंजपुरा किल्ला घेतला, धान्य मिळालं. तोवर खाली बागपतला अफगाण बादशहा अब्दाली यमुना उतरून अलीकडं आला आणि दिल्लीची, म्हणजे दक्षिणेची, वाट तुटली. दुआबातून, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखातून, रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत फौजेबरोबर यात्रेकरू, बायका, मुलं, बाजारबुणगे. जनावरं मेली, माणसं उपाशी राहिली. उपासानं मरण्यापेक्षा लढून मरू, असं म्हणत सैन्य भाऊंकडं गेलं आणि १४ जानेवारी १७६१ ला, संक्रांतीच्या सुमाराला, तोंडाला हळद फासून बाहेर पडलं. रिकाम्या पोटी दुपारपर्यंत लढलेली माणसं होती ती. ती भूक तासभर अंगावर यायला हवी होती. कुणी शेवटचं पीठ कसं वाटून घेतलं, थंडीत लेकरं कशी निजवली, हे दाखवायला ना हत्ती लागतात ना मोठा खर्च.

गोलाच्या लढाईचंही तसंच. तोफा आणि गारद्यांच्या, म्हणजे इब्राहिमखानाच्या बंदूकधारी पायदळाच्या, पलटणी पुढं, न लढणारे बुणगे मधे, आणि सगळ्यांनी रांग न मोडता सरकायचं, असा तो बेत. विंचूरकर आणि गायकवाड हे सरदार रांग सोडून पुढं धावले आणि गारद्यांची बाजू उघडी पडली. हे वरून एकदा नीट दाखवलं असतं तर हार कशी झाली ते शाळकरी पोरालाही कळलं असतं. सिनेमात तलवारी भरपूर आहेत, पण कोण कुठं उभं आहे ते मला, रोज नकाशे शिकवणारीला, कळेना.

वडील बाहेर येताना एवढंच म्हणाले, “पार्वतीबाईचं पुढं हवं होतं गं.” भाऊ गेले हे तिनं शेवटपर्यंत मानलं नाही, विधवेचं जिणं घेतलं नाही, आणि पुढं भाऊंचा तोतयाही उभा राहिला. एवढी मोठी गोष्ट हाताशी होती.

तरी मी हा सिनेमा वर्गात दाखवते, चार तासिका लागतात. कुंजपुऱ्यानंतर थांबवते आणि फळ्यावर यमुना काढते.