धुरकट स्कॉच, काही महिन्यांनंतर: पीपीएम सोडा, टक्का बघा

टॅलिस्कर १० (नावापुढचा आकडा पिंपात मुरल्याच्या वर्षांचा) कधीच संपली, आर्डबेग १० अर्ध्यावर आहे आणि लाफ्रॉइग १० तळाला आलीय. धुरकट स्कॉचची ओळख मला या तिघींनीच करून दिली, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. कुठली कशी लागते हे भरपूर ठिकाणी वाचायला मिळतं, ते इथे उगाळत नाही. मला बोलायचंय ते पाण्याबद्दल. एक चमचा साध्या पाण्याबद्दल.

आर्डबेगचा ३० मिलीचा पेग घ्या. ४६ टक्के अल्कोहोल. नुसता प्यायला तर आधी नाकाला अल्कोहोल झोंबतं, मग राख जाणवते आणि पुढचं काही कळायच्या आत घोट घशाखाली गेलेला असतो. त्यात ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा पाणी घाला आणि दोन-चार मिनिटं ग्लासला हात लावू नका. लिंबाच्या सालीचा वास येतो, खारटपणा येतो, माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा, गोडवा येतो. धूर कमी होईल अशी माझी अपेक्षा होती. तो कमी झाला नाही, उलट राखेपासून वेगळा काढून दाखवावा इतका स्वच्छ झाला. त्या संध्याकाळपासून मी या प्रकाराच्या प्रेमात आहे.

‘सिंगल माल्टमध्ये (एकाच कारखान्याच्या माल्ट व्हिस्कीत) पाणी घालतात का कुठे’ म्हणणाऱ्यांचा मला आता मनापासून राग येतो. स्कॉचचे ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांतल्या व्हिस्क्या मिसळणारे जाणकार, नमुने हुंगतात तेच मुळी साधारण २० टक्क्यांपर्यंत पातळ करून. ज्यांचं पोट नाकावर चालतं ते पाणी घालतात, आणि नवख्या माणसाने मात्र डोळ्यांत पाणी आणत नुसतं प्यायचं? या सल्ल्याने कित्येक जण पहिल्याच घोटाला धुरकट व्हिस्कीवर कायमची फुली मारत असतील.

यावर २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांचा एक अभ्यास ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आला होता. धुराच्या चवीशी संबंधित ग्वायकॉल नावाचा रेणू पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात कुठे जाऊन बसतो, हे त्यांनी संगणकावर तपासलं. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर तो पृष्ठभागाकडे, हवेच्या बाजूला सरकतो, आणि ५९ च्या वर गेलं की अल्कोहोल त्याला वेढून आत ओढून घेतं. पिंपातून थेट भरलेल्या कडक व्हिस्कीत पाणी का चालतं, ते यातून छान कळतं. आर्डबेग मात्र आधीच ४६ वर आहे, म्हणून चमचाभर पाण्याने पडणारा सगळा फरक एकट्या ग्वायकॉलच्या नावावर टाकणं मला पटत नाही. माझ्या मते तिथे झोंबणं कमी होतं आणि जीभ मोकळी होते, हाच मोठा भाग असावा.

बर्फ मी बंद केलाय. गारव्याने वास मिटतो, आणि धुरकट व्हिस्कीत पैसे वासाचेच असतात.

आता पीपीएम, म्हणजे धुराचा वास देणारे फिनॉल दहा लाख भागांत किती, तो आकडा. बाटली निवडताना नवखे लोक या आकड्याच्या फार मागे लागतात. आर्डबेग सुमारे ५५, लाफ्रॉइग चाळीस-पंचेचाळीस, लागावुलिन आणि कुल ईला ३५ च्या आसपास, आणि ऑक्टोमोरच्या एका आवृत्तीने तर ३०० ओलांडले. पण हा आकडा बाटलीतला नसतोच. ओलं माल्ट भट्टीत वाळवताना खाली पीट, म्हणजे दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची वाळवलेली माती, जाळतात, त्या धुरातले फिनॉल दाण्याला चिकटतात, आणि मोजणी होते ती त्या दाण्यावर. पुढे माल्ट भिजवताना, आंबवताना, ऊर्ध्वपातनात आणि पिंपात त्यातलं बरंच गळून जातं. शिवाय फिनॉल ऊर्ध्वपातनात उशिरा उतरतात, त्यामुळे धार कधी तोडायची, म्हणजे कुठवर उतरलेली दारू ठेवायची, यावरही धूर ठरतो. लागावुलिन आणि कुल ईला या दोघींचं माल्ट आयला बेटावरच्या पोर्ट एलन इथेच तयार होतं, पीपीएमही जवळपास सारखं. तरी लागावुलिन १६ जड, गोड, अंगावर येणारी, तर कुल ईला १२ हलकी आणि स्वच्छ. मग त्या आकड्याचं करायचं काय?

बघायचा तो अल्कोहोलचा टक्का. इथे माझी काटकसर बोलते, पण हिशोब चोख आहे. ७०० मिलीची ४६ टक्क्यांची बाटली पाणी घालून ४० वर आणली तर ८०५ मिली होते. ५७ टक्क्यांची असेल तर जवळजवळ लिटरभर. ४० ची बाटली घेतली की ते पाणी कंपनीने आधीच घातलेलं असतं, तुमच्या हातात काही उरत नाही. स्कॉचला कायद्याने किमान ४० टक्के लागतात, म्हणजे ती अगदी तळाची पायरी. दुसरं असं की कमी टक्क्याची व्हिस्की पाण्याने किंवा थंडीने गढूळ होऊ नये म्हणून बहुतेकदा ती थंड करून गाळतात, आणि त्यात तिचा थोडा तेलकट भरीवपणा निघून जातो. ४६ आणि वरच्या बऱ्याच बाटल्यांवर ‘चिल फिल्टर केलेली नाही’ असं छापलेलं असतं. आर्डबेग १० वर आहे.

याच कारणाने लाफ्रॉइग १० वर मी सुरुवातीला नाराज होतो. काही देशांत ती ४३ ची मिळते, माझी ४० ची. चमचाभर पाणी घातलं की विरविरीत व्हायची, आणि न घालावं तर टिंक्चर आयोडीनचा वास बाकी सगळ्यावर बसायचा. बाटली अर्ध्याखाली गेल्यावर माझं मत बदललं. आत हवा वाढत गेली तशी आयोडीनची धार बोथट झाली आणि खालून व्हॅनिला वर आला. लाफ्रॉइग अमेरिकी बर्बनच्या पिंपात मुरते, तिथून तो येतो. आता तिच्यात मी पाण्याचे तीन-चार थेंबच घालतो, ड्रॉपरने. तेवढं तिला पुरतं. पण ही संपल्यावर १० ची साधी बाटली पुन्हा घेणार नाही, तिचीच कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पाणी न घालता पिंपातून थेट भरलेली, घेईन.

राहता राहिली टॅलिस्कर १०. स्काय बेटावरची, ४५.८ टक्के, धूर मध्यम, शेवटी मिरीचा ठसका. पाणी बिनतक्रार पचवते. ‘आधी गोड, सौम्य स्कॉच प्या, मग वर्षभराने धुराकडे वळा’ असं सांगितलं जातं, ते मला अजिबात मान्य नाही. धूर ज्याला आवडायचा त्याला पहिल्या दिवशीही आवडतो, फक्त झोंबणं बाजूला करून दाखवावं लागतं. पहिली बाटली विचाराल तर टॅलिस्कर, चमच्यासकट. दुसरी आर्डबेग. लागावुलिन १६ मी एका मित्राकडेच चाखलीय, छान आहे, पण ती ४३ ची. माझ्या पैशांनी घ्यायची तर ४८ टक्क्यांची लागावुलिन ८ घेईन: वय कमी म्हणून धूर जास्त ताजा, आणि पाण्याला जागाही आहे.