ट्रान्सम कुजलाय: प्लायवुड घालावं, फोमचा बोर्ड की ओतीव गाभा?

फायबरग्लास कुजत नाही; कुजतं ते त्याच्या पोटातलं लाकूड. जुन्या बोटीत मोटार टांगायची मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, बहुधा फायबरच्या दोन थरांमध्ये दाबलेलं दीडेक इंची प्लायवुड असतं; हाच तिचा गाभा. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरतं आणि तिथेच मुरतं. हातोडीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारा. भुसा काळा आणि ओला निघाला, तर लाकूड काढावंच लागणार.

भोकं पाडून पातळ इपॉक्सी (दोन द्रव मिसळले की कडक होणारं रेझिन) आत सोडायचा उपाय मी विचारातच घेत नाही. ओल्या लाकडात ते मुरत नाही. मऊ भुशाभोवती कडक कवच तेवढं तयार होतं.

प्लायवुड स्वस्त, कापायला सोपं आणि बोल्ट आवळले तरी दबत नाही. पण ‘मरीन’ शिक्क्याला भुलू नका: पाण्याला दाद देत नाही तो त्यातला गोंद, लाकूड नव्हे. प्रत्येक कड इपॉक्सीने बंद करावी लागते. बोल्टसाठी आधी मोठं भोक पाडायचं, ते घट्ट इपॉक्सीने भरायचं आणि सुकल्यावर त्यातच मापाचं भोक घ्यायचं. एवढा कंटाळवाणा उद्योग करणार असाल तर प्लायवुड पुरेसं आहे.

काचतंतू घातलेला दाट पॉलियुरेथेनचा बोर्ड कुजत नाही, वजनालाही हलका. खिसा मात्र चांगलाच रिकामा करतो. साधा हलका फोम इथे चालत नाही, बोल्टखाली चेपतो.

ओतीव गाभ्यात वरची कड उघडून लाकूड कोरून काढतात आणि मिश्रण ओततात. काम झटपट होतं, पण दोन्ही थर धडधाकट हवेत आणि लाकडाचा कण न कण निघायला हवा. खालच्या कोपऱ्यांत हात पोचत नाही, घोडं तिथेच अडतं. ओतताना भिंत फुगू नये म्हणून बाहेरून फळ्यांचा आधारही लागतो.

तळाच्या स्ट्रिंजरचं, म्हणजे तळाला आतून लांबीभर बळकटी देणाऱ्या दांड्यांचं, गणित वेगळं. ताकद मुख्यतः वरच्या फायबरची असेल, थर पुरेसे जाड असतील, तर आत हलका फोमही चालतो. बोटीला खालून नीट टेकू द्या आणि एका वेळी एकच स्ट्रिंजर काढा, नाहीतर तळाचा आकार बिघडतो.

गाभ्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी जास्त विचार रेझिनचा, म्हणजे काचतंतू भिजवून चिकटवणाऱ्या द्रवाचा, करीन. पॉलिएस्टर स्वस्त, पण जुन्या फायबरवर आणि लाकडावर इपॉक्सीइतकं घट्ट धरत नाही. दुरुस्तीला इपॉक्सीच. त्यासोबत साधी चॉप्ड मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई) नको, कारण तंतू धरून ठेवणारा तिचा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत नाही. शिवलेलं बायअॅक्सियल (दोन दिशांच्या तंतूंचं) कापड घ्या. वर जेलकोटऐवजी (बोटीचा बाहेरचा चकचकीत थर) रंग द्या. आणि जुन्या फायबरची कड जाडीच्या बारापट लांब उतरती घासा. ते करताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, तरी दोन दिवस खाजणारच.