मुंबईहून की सिंगापूरहून? पहिल्या क्रूझचे बुकिंग करण्यापूर्वी

पहिल्यांदा क्रूझला जायचे ठरवणाऱ्या मराठी कुटुंबाची चर्चा बहुतेक वेळा दोन पर्यायांवर येऊन थांबते. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीच्या जहाजाने दोन-चार रात्रींसाठी गोवा, कोची किंवा लक्षद्वीप करायचे, की सिंगापूरला विमानाने जाऊन तेथून मोठ्या जहाजाने मलेशिया-थायलंडकडे निघायचे? ही तुलना सहसा भाड्यावर आणि जहाजावरच्या सोयींवर होते. माझ्या मते ती आधी बुकिंगवर व्हायला हवी, कारण मनस्ताप होतो तो जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वीच्या तीन-चार महिन्यांत, आणि त्या बाबतीत हे दोन पर्याय अगदी वेगळे आहेत.

जहाजांतला फरक थोडक्यात सांगता येतो. कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’ १९९० साली बांधलेले, सुमारे ४८ हजार टनांचे जहाज आहे. सिंगापूरहून फेऱ्या केलेले ‘अँथम ऑफ द सीज’ २०१५ चे आणि त्याच्या तिपटीहून मोठे, तर ‘गेंटिंग ड्रीम’ २०१६ चे, दीड लाख टनांचे आहे. बुकिंगच्या दृष्टीने यातून एकच गोष्ट महत्त्वाची ठरते. ‘एम्प्रेस’ जुन्या बांधणीचे असल्यामुळे तिच्यावर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच आहेत. बाल्कनी हवीच असेल तर दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीसाठी बरेच आधी पैसे भरावे लागतात. नवीन मोठ्या जहाजांवर अशा खोल्या भरपूर असतात, त्यामुळे तेथे प्रश्न खोली मिळण्याचा नसून ती कोणत्या मजल्यावर आणि कशाच्या खाली मिळते याचा असतो. ‘गॅरंटी’ प्रकारचे स्वस्त तिकीट घेतल्यास खोलीचा क्रमांक कंपनी ठरवते. गुडघेदुखी असलेल्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी ते तिकीट घेऊ नये, कारण लिफ्टपासून दूरची खोली मिळाली तर प्रत्येक जेवणासाठी लांबलचक मार्गिका चालावी लागते.

भाड्याच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे सारखीच अडचण येते. जाहिरातीतला आकडा ‘प्रतिव्यक्ती’ असतो आणि एका खोलीत दोघे राहणार हे त्यात गृहीत असते. बंदर शुल्क, कर आणि सेवकवर्गाची ग्रॅच्युइटी (म्हणजे टिप) पुढच्या पानांवर जोडली जाते, त्यामुळे पहिल्या पानावरचा आकडा आणि पैसे भरतानाचा आकडा यांचा मेळ बसत नाही. पैसे भरण्याच्या पानाआधी थांबून एकूण रक्कम लिहून काढावी आणि तीच दुसऱ्या पर्यायाच्या एकूण रकमेशी ताडून पाहावी. एकट्याने प्रवास करणाऱ्याला बहुधा जवळपास दोघांचे भाडे भरावे लागते. आपल्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या सहलींत एकट्या राहणाऱ्या अनेक स्त्रिया असतात. खोलीत कोण कोणाबरोबर राहणार हे आधी ठरले नाही, तर त्यांच्यावर हा भुर्दंड अचानक पडतो, आणि त्या संकोचाने काही बोलत नाहीत. सिंगापूरची सहल टूर कंपनीकडून पॅकेज म्हणून घेतल्यास त्यावर टीसीएसही (विक्रेत्याने पैसे घेतानाच गोळा केलेला आयकर) आकारला जातो. तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, परंतु त्या घडीला रोख रक्कम खिशातून जातेच.

तारखांचे गणित मुंबईकडे अधिक अवघड आहे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो आणि कॉर्डेलियाचे जहाज त्या काळात चेन्नईकडे जात आले आहे, त्यामुळे जून ते सप्टेंबर हा काळ मुंबईहून निघणाऱ्यांच्या हिशेबातून जातो. लक्षद्वीपच्या फेरीत आणखी एक अडचण आहे. अगत्तीला मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. प्रवाशांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात, आणि समुद्राला उधाण असेल तर किनाऱ्यावर जाणे रद्द होते. बंदर वगळण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार जवळपास प्रत्येक क्रूझ कंपनी अटींमध्ये स्वतःकडे ठेवते, त्यामुळे केवळ लक्षद्वीप पाहायचे म्हणून ही फेरी घेणाऱ्याने आधी मनाची तयारी करावी. सिंगापूरहून वर्षभर जहाजे सुटतात, परंतु तेथेही वेळापत्रक पक्के असेलच असे नाही. ‘डिस्ने अॅडव्हेंचर’ या जहाजाची पहिली सफर डिसेंबर २०२५ मध्ये ठरलेली होती, ती मार्च २०२६ पर्यंत पुढे गेली. ज्यांनी त्या तारखांना धरून विमानाची तिकिटे काढली असतील, त्यांच्यापुढे जहाजाच्या परताव्याखेरीज तिकिटांचा वेगळा प्रश्न उभा राहिला असणार.

खरा फरक कागदपत्रांत आहे. मुंबई-गोवा फेरीला आधार कार्डासारखे ओळखपत्र पुरते. सिंगापूरसाठी किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट आणि सिंगापूरचा व्हिसा लागतो. जहाज सिंगापूर सोडून पुन्हा तेथेच येत असल्यामुळे तो व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, हे पाहावे लागते. शिवाय आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचे आणि वाटेतल्या देशांचे नियम वेगळे तपासायचे.

आणि नाव! महाराष्ट्रातल्या पुष्कळ पासपोर्टांवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नावही असते. क्रूझच्या अर्जात मात्र पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव असे तीन रकाने असतात. आमच्या घरच्या सिंगापूर सहलीत एजंटाने आईचे फक्त पहिले नाव आणि आडनाव भरले, विमानाच्या तिकिटावर वडिलांचे नावही आले, आणि ऑनलाइन चेक-इन करताना पासपोर्टची माहिती जुळत नाही म्हणून पान पुढे सरकेना. दुरुस्तीचा अधिकार एजंटाकडेच असल्याचे क्रूझ कंपनीने कळवले, आणि एजंट ‘वरून उत्तर आलेले नाही’ एवढेच सांगत राहिला. निघण्याच्या दोन दिवस आधी ते नाव दुरुस्त झाले. तोवर आईने बॅग भरायला घेतली नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या पासपोर्टचे फोटो असलेले पान उघडून, खाली छापलेल्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळींतली अक्षरे एकेक करून पुष्टिपत्राशी जुळवतो. विवाहानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर आधार, पॅन आणि पासपोर्ट या तिन्हींवरची नावे वेगवेगळी असणे नेहमीचेच आहे.

मुंबईची क्रूझ हे मुळात एकच बुकिंग आहे. ते रद्द झाले तर एकाच ठिकाणी भांडावे लागते. सिंगापूरची क्रूझ ही व्हिसा, विमान, हॉटेल, जहाज आणि विमा अशी साखळी आहे, आणि त्यातल्या प्रत्येकाचे रद्द करण्याचे नियम निराळे असतात. जहाजाचे पूर्ण पैसे बऱ्याचदा अडीच-तीन महिने आधी भरावे लागतात, आणि प्रवासाचा दिवस जवळ येईल तशी परत मिळणारी रक्कम घटत जाते. म्हणून घरात कोणाची शस्त्रक्रिया, परीक्षा किंवा बाळंतपण जवळ असेल, तर सध्या मुंबईचाच पर्याय ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. बाळंतपणाच्या बाबतीत तर जहाजांचे स्वतःचेही नियम आहेत. सहसा चोवीस आठवड्यांपुढच्या गर्भवतींना आणि सहा महिन्यांहून लहान बाळांना जहाजावर घेत नाहीत.

बुकिंग स्वतः करावे की एजंटाकडून, याचे उत्तरही पर्यायानुसार बदलते. मुंबईच्या फेरीसाठी कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट बुकिंग केलेले बरे, कारण त्यात जोडायला दुसरे काही नसते आणि बदल करायचा झाला तर मध्ये तिसरा माणूस येत नाही. सिंगापूरला दोघेच जाणार असतील तरीही थेट बुकिंग जमते. तीन पिढ्यांचे आठ-दहा जण, त्यांत जैन जेवण लागणारे कोणी आणि व्हीलचेअरवरचे आजोबा असतील, तर मात्र अनुभवी एजंट घ्यावाच. त्याला पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: नावदुरुस्ती कोण व किती दिवसांत करणार, कंपनीच्या रद्द-शुल्कावर त्याचे स्वतःचे शुल्क किती, आणि जहाजाचा बुकिंग क्रमांक. त्या क्रमांकाने कंपनीच्या संकेतस्थळावर आपली खोली आणि आपली नावे स्वतः पाहता येतात. पैसे भरून आठवडा उलटला तरी तो क्रमांक मिळत नसेल, तर पुढचा हप्ता थांबवावा.

विमानाचे तिकीट जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीचे काढावे. हॉटेलची एक रात्र वाचवण्यासाठी त्याच सकाळी सिंगापूरला उतरणारे विमान कोणी सुचवले तर ते नाकारावे. चेक-इन जहाज सुटण्याच्या बरेच आधी बंद होते, आणि विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही.